मागचा आवाज

लिगोर बार्रेतो ट्रक चालवायचा, हे आधी लिहितो.
गायक म्हटलेलं त्याला खपायचं नाही.
खाणीवरून कापशें जेटी, दिवसाला सात खेपा,
आठवी झाली तर मालक चहा पाजायचा.

गिटार मावसभावाची. तो बोटीवर कुक.
गॅल्व्हस्टन बंदरातल्या जुन्या बाजारात घेतलेली,
सोबत दोन रेकॉर्डी, कव्हरवर टोपीवाला माणूस
आणि त्याच्या पाठीमागे ओसाड माळ.
लिगोर बघून म्हणाला, हा आमच्यासारखाच गाव,
फक्त खाण लागायची राहिलीय.

घोडा त्याने पाहिला तो शिगम्यातला,
लाकडी मानेचा, आत माणूस घामाघूम.
म्हणून त्याच्या गाण्यात घोडा नाही.
टायर आहे, तिळामळचा पंक्चरवाला आहे,
कुवेतला गेलेली बायको आहे,
दर नाताळाला येते म्हणणारी.
कॉर्ड तीनच. चौथी का नाही, विचारलं तर
"ती देवाक," म्हणायचा,
आणि फेणीच्या बाटलीचा गळा तारांवरून असा ओढायचा
की शेजारचं झोपलेलं कुत्रं उठून बसायचं.

माझं दुकान कुडचड्याला, रेल्वे फाटकाजवळ.
रेडिओ, टेप, मिक्सर.
एका रात्री फाटक पडलेलं, मालगाडी अडकलेली,
तो गिटार घेऊन आत आला, खुंटी सैल झाली म्हणून.
मी उलटी धरली
तर भोकातून काउंटरवर मूठभर तांबडी माती.
फडकं घेतलं, तर म्हणाला,
"रांव रे, एक्सपोर्ट क्वालिटी आसा ती."

मग गायला बसला. कोरी कॅसेट नव्हती.
घरातली लावली. तिच्यावर दादांचं भजन होतं, देवळातलं,
पखवाजासकट.
म्हटलं, दादा काय, पुढच्या सोमवारी परत गातील.
अकरा गाणी झाली त्या रात्री.

*दोंगर व्हरतां ट्रकांत भरून,
घरा म्हज्या रांदण थंड*

हे सातवं. बाराव्यात टेप संपली, शब्दाच्या मध्येच.

दादा पुढच्या सोमवारी गायले.
त्याच्या पुढच्या नाही.

लिगोर आणखी नऊ वर्षं.
डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरला तेव्हा
मला ते गिटारचंच पोट दिसलं, आतून.

खाणी बंद पडल्या. ट्रकांवर वेली चढल्या,
एकाच्या केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते.
जे ड्रायव्हर उरले ते पाण्याचे टँकर हाकतात,
आणि रिव्हर्स घेताना सातव्या गाण्याची शीळ घालतात,
कुणाचं ते माहीत नसताना.
परवा शाळेच्या गॅदरिंगला एका मुलीने तेच म्हटलं.
निवेदक म्हणाला, पारंपरिक लोकगीत.
मी दुसऱ्या रांगेत होतो. उठलो नाही.
लिगोर असता तर हसला असता, नंतर खोकला असता.

आता त्याची आसुंता स्विंडनहून फोन करते.
अंकल, पप्पाची कॅसेट पाठवा, पोरांना ऐकवायचीय.
चार मिनिटं पाठवली.
खूप रडली, म्हणाली. मग म्हणाली,
फक्त तो मागचा आवाज काढता येईल का,
कोणीतरी काहीतरी वाजवतंय.

माझ्या टेपचं पुसायचं हेड तेव्हाच कमजोर होतं.
दुरुस्तीवाल्याच्या घरचं यंत्र, कोण दुरुस्त करणार?
लिगोर ओळ संपवून श्वास घेतो
तेवढ्या फटीतून दादा वर येतात.
दादा काळी दोनमध्ये. लिगोर कशात, त्याला ठाऊक नव्हतं.
पण सातव्यात एके ठिकाणी, रांदण शब्दावर,
दोघं एकमेकांच्या इतके जवळून जातात
की मी दरवेळी हात आखडतो.

मुलगा म्हणतो, सोपं आहे, बाबा.
हा तुकडा निवडायचा, कॉम्प्युटरला सांगायचं
की हा गोंगाट. बाकीचं तो बघतो.

आसुंताला मी कळवलंय, वेळ लागेल,
मशीन बिघडलंय.
मशीन समोर चालू आहे.
फाटक पडलंय, मालगाडी यायची आहे,
आवाज थोडा वाढवतो.